इंजिन बदलल्यावर गाडी तापत राहते तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

इंजिन बदललं, पहिल्या सेल्फला सुरू झालं, आवाजही चांगला आहे, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर काटा लाल पट्टीत. मग बहुतेक गॅरेजांत ठरलेला क्रम सुरू होतो. आधी थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा) काढून टाकतात, मग रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे नळ्या सळईने साफ करायला, जातो, त्यानंतर मोठा पंखा बसतो आणि शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उतरतं. खर्च होत जातो, पण गाडी तापायची थांबत नाही, कारण सुटा तपासला तर यातला प्रत्येक भाग धडधाकट असू शकतो. रेडिएटर जुन्या इंजिनाला पुरत होता, इंजिनही दुसऱ्या गाडीत नीट चालत होतं. बिघाड असतो तो दोन गाड्या जिथे एकमेकींना जोडल्या तिथे: पाइपचा मार्ग, झाकणाची उंची, पंख्याची वायर, सेन्सर आणि मीटर यांची जोडी, बायपास (रेडिएटर टाळून पंपाकडे परतणारी वाट). तपासणी तिथूनच सुरू करायची.

बदल दोन प्रकारचे असतात. भंगार बाजारातून आणलेलं तेच इंजिन त्याच गाडीत बसवलं असेल, तर संशय आतल्या गंजावर, हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीवर) आणि अडकलेल्या हवेवर. वेगळं इंजिन बसवलं असेल तर यादी लांबते. जुन्या जिप्सीचं घ्या. १९८५ साली आलेल्या जिप्सीत ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन होतं, साधारण ४५ हॉर्सपॉवरचं. त्याजागी जिप्सी किंगचं १२९८ सीसी, सोळा व्हॉल्वचं जी१३बीबी बसवलं की शक्ती ८० हॉर्सपॉवरवर जाते. इंधनातली उष्णता ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागते: एक चाकांना, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात. म्हणजे पूर्ण जोरावर इंजिन जितकी शक्ती देतं, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. ४५ चे ८० झाले की रेडिएटरचं काम पावणेदोन पटीने वाढलं. सपाटीवर हे जाणवतही नाही, कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर जाणवतं.

हात लावण्याआधी

गरम इंजिनाचं रेडिएटर कॅप उघडू नका. वरचा होज हातात धरून ठेवता येईल इतका गार होऊ द्या, मग जाड फडकं ठेवून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, नंतर काढा. इलेक्ट्रिक पंखा इग्निशन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून रेडिएटरच्या जाळीजवळ बोटं घालण्याआधी त्याचं कनेक्टर काढा. आणि उकळलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी मारायची सवय असेल तर सोडा, त्याने हेडला तडा जातो.

गाडी खरंच तापतेय की काटाच खोटं बोलतोय

ही पायरी सगळेच गाळतात. डॅशबोर्डवरचा मीटर जुन्या गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचा, आणि दोघांचा रेझिस्टन्स जुळत नाही, असं फार वेळा असतं. मग ८५ अंशांवर काटा तीन-चतुर्थांश दाखवतो आणि मालक घाबरतो. उलटही होतं: काटा मध्यावर आणि इंजिन ११२ वर, ते जास्त धोक्याचं.

हातातलं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ते चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवतं, म्हणून थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असलेल्या इंजिनात ८२ ते ९५ हे नेहमीचं. घाटात, एसी लावून, १०० ते १०५ पर्यंत जाऊन परत खाली येत असेल तर कूलंट आणि कॅप ठीक असताना चिंता नको. ११० च्या वर चढत राहिलं तर थांबायचं.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरचं) इंजिन असेल तर स्कॅनर लावून ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, कूलंट तापमान वाचा. ईसीयूचा सेन्सर आणि मीटरचा सेन्सर बऱ्याच इंजिनांत वेगवेगळे असतात, एक बरोबर म्हणून दुसरा बरोबर असं नाही. ईसीयूचा नेहमीचा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दाखवतो. एकाच वायरीचा मीटरचा सेन्सर असेल तर मात्र तो जुन्या गाडीचाच बसवा, आटा जुळत नसेल तर लेथवर अ‍ॅडाप्टर करून घ्या. त्याच्या आट्यावर टेफ्लॉन टेपचे चार वेढे देऊ नका, त्याचं अर्थिंग त्या आट्यातूनच होतं.

हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलला, तर तापमानाचा संबंधच नाही, अर्थिंग कच्चं आहे. इंजिन उतरवताना काढलेली इंजिन-ते-बॉडी पट्टी परत लावायची राहून जाणं ही अगदी रोजची गोष्ट.

कधी तापते, हे लिहून काढा

सिग्नलला उभी असताना तापते आणि ६० च्या वेगाने पळवली की गार होते, तर हवा कमी पडतेय: पंखा, श्राउड (पंख्याभोवतीचं कडं), एसी कंडेन्सरमध्ये भरलेला कचरा. उभी असताना ठीक आणि हायवेवर किंवा चढावर तापते, तर कूलंटचा प्रवाह कमी आहे, रेडिएटर लहान आहे किंवा इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, चुकलंय. गार इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांत उसळी मारते, तर हवा अडकलीय, थर्मोस्टॅट बंदच राहतोय किंवा हेड गॅस्केट गेलीय. काटा अचानक वर जातो, तसाच अचानक खाली येतो आणि हीटर मध्येच थंड हवा फेकतो, तर हवाच. या चार ओळींनी निम्मं काम होतं, तरी गॅरेजमध्ये गाडी देताना मालक फक्त ‘तापते’ एवढंच सांगतो.

अडकलेली हवा

नव्याने बसवलेल्या इंजिनातला हा पहिल्या क्रमांकाचा दोष. हेडमध्ये हवेचा फुगा राहिला की तिथे कूलंट पोचत नाही, त्या जागी वाफ होते, वाफ पाणी बाहेर ढकलते, आणि सगळ्यांना वाटतं गॅस्केट उडाली.

आधी माप घ्या. मॅन्युअलमध्ये त्या इंजिनाची आणि रेडिएटरची मिळून कूलंटची क्षमता दिलेली असते. पूर्ण रिकाम्या सिस्टिममध्ये पाच लिटर जायला हवं आणि साडेतीनलाच काठोकाठ भरलं, तर दीड लिटर हवा आत आहे. म्हणून कूलंट लिटरच्या बाटलीने मोजून ओता, डब्याने अंदाजे नको.

इंजिन गार असताना गाडीचं तोंड उंच करा. पुढची चाकं रॅम्पवर किंवा अंगणातल्या चढावर घ्या, मागच्या चाकांना मागून दगड लावा. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच जागा झाली पाहिजे. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हीटरचा व्हॉल्व उघडा राहील. थर्मोस्टॅट हाउसिंगवर ब्लीड स्क्रू असेल तर तो दोन आटे सैल करा. नसेल तर हीटरला जाणाऱ्या दोन होजपैकी उंचावरचा होज क्लिप सोडून थोडा ओढून घ्या. आता अर्धा अर्धा लिटर ओतत, मध्ये वरचा होज हाताने दाबत जा. प्रत्येक दाबाला तोंडाशी बुडबुडा येतो. ब्लीड स्क्रूमधून सलग धार आली, बुडबुडा नसलेली, की तो आवळा.

कॅप उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा होज एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी त्याच क्षणी खाली जाते. लगेच भरा. मग २००० ते २५०० आरपीएमवर मिनिटभर धरा, सोडा, परत पातळी पाहा. पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत हे चालू द्या. कॅप लावा, रिझर्व्ह बाटली मिन आणि मॅक्स यांच्या मध्ये भरा. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी बाटलीतली पातळी कमी झालेली आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला, असं दिसलं तर सिस्टिम नीट ओढतेय. बाटली तशीच आणि रेडिएटर रिकामा, तर कॅपचा व्हॅक्युम व्हॉल्व खराब आहे, किंवा बाटलीचा बारीक पाइप तडकलाय, किंवा त्याचं टोक पाण्याच्या वर आहे.

इतकं करूनही हवा परत परत येते, त्याचं एक कारण बांधणीत असतं. वेगळं इंजिन बसवताना ते माउंटिंगवर उंच बसलं की थर्मोस्टॅट हाउसिंग रेडिएटर कॅपच्या वर जातं. हवा उंच जागीच जाणार, आणि तिथून बाहेर पडायला वाटच नाही. गाडीशेजारी बसून पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी लावली की हा फरक लगेच दिसतो, गवंडी लावतात तशी. उपाय दोन: वरच्या होजमध्ये, सगळ्यात उंच जागी, कॅप असलेला भरण्याचा तुकडा घालायचा, किंवा दाबाखालची एक्स्पान्शन टाकी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) उंच बसवून हवेचा बारीक पाइप तिला द्यायचा. दोन्हींत प्रेशर कॅप एकच हवं. रेडिएटरवरही ०.९ बारचं आणि टाकीवरही ०.९ बारचं ठेवलं, तर दोघांच्या मध्ये कूलंट ये-जा करत नाही. जुन्या जागी प्रेशर नसलेलं साधं, सीलबंद झाकण लावा. हेडमधून वाफ निघण्यासाठी दिलेली बारीक नळी काही इंजिनांना असते. ती ‘कुठे लावायची कळत नाही’ म्हणून बोल्ट घालून बंद केलेली दिसली, तर कारण सापडलं समजा.

कॅपला कमी लेखू नका. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच, पण ०.९ बारच्या कॅपखाली ते ११८ च्या आसपास जातं. रबर कडक झालेलं कॅप दाब धरत नाही, आणि एरवी सहज चालणारं १०२ अंशांचं इंजिन उकळतं.

थर्मोस्टॅट आणि बायपास

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, व्हॉल्व लागतच नाही’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. बऱ्याच इंजिनांत हे थेट उलटं पडतं. थर्मोस्टॅटला खाली दुसरी तबकडी असते. मुख्य तोंड उघडताना ती तबकडी बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायम उघडा राहतो, आणि कूलंट रेडिएटरकडे जाण्याऐवजी सोप्या वाटेने पंपाकडे परत फिरतो. गाडी सपाटीवर गार, घाटात गरम. त्यावर ‘रेडिएटर कमी पडतो’ असा निष्कर्ष काढला जातो.

थर्मोस्टॅट तपासायला पातेलं पुरतं. व्हॉल्वच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानेच तो पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. पाणी तापवत जा. व्हॉल्व उघडायला लागला की दोऱ्यावरून निसटून खाली पडतो, तेव्हाचं तापमान वाचा. ८२ छापलेला ८० ते ८४ मध्ये पडला पाहिजे, आणि ९५ च्या आसपास साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. बसवताना मेणाची कुपी, म्हणजे स्प्रिंगची बाजू, इंजिनाकडे. हवेसाठीचं छोटं भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वर, बारा वाजण्याच्या जागी.

इंजिनाचा थर्मोस्टॅट कूलंट बाहेर पडण्याच्या जागी आहे की पंपाच्या तोंडाशी, हे पाहून घ्या. पंपाच्या तोंडाशी असेल, तर तो उघडण्यासाठी गरम कूलंट बायपासने किंवा हीटरच्या वाटेने त्याच्यापर्यंत यावा लागतो. इंजिन बसवणाऱ्याने ‘हीटर नको’ म्हणून दोन्ही तोंडांना प्लग मारले, तर काही इंजिनांत ती वाटच बंद होते. हेड उकळतं आणि थर्मोस्टॅट गारच बसून राहतो. हीटर नको असेल तर दोन्ही तोंडं एका होजने एकमेकांना जोडा, प्लग मारू नका.

पंखा

पंखा फिरतो एवढं पाहून पुढे जाऊ नका, हवा कुठे जाते ते पाहा. पंखा चालू असताना गाडीच्या पुढून जाळीवर साधा ए-फोर कागद धरा. तो चिकटून राहायला हवा. उडाला तर पंखा उलटा फिरतोय. दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर विनातक्रार उलटी फिरते, आवाजही जवळपास तोच येतो. इंजिन बदलताना पंख्याचं कनेक्टर कापून वायरी पिळलेल्या असतील, तर ही शंका आधी घ्या.

दुसरं, व्होल्टेज. इंजिन चालू, पंखा चालू, आणि मल्टिमीटर पंख्याच्या कनेक्टरवरच. १३ व्होल्टच्या वर हवं. बॅटरीवर १४ आणि पंख्यावर ११ असेल, तर बारीक वायर, कच्चं अर्थ किंवा जळका रिले मधले तीन व्होल्ट खातोय. पंख्याला स्वतःचा ४० अँपिअरचा रिले, बॅटरीपासून फ्यूज आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर द्या. मोठ्या पंख्याला चार.

तिसरी चूक जास्त आडवळणाची आहे. पंख्याचा थर्मो स्विच रेडिएटरच्या खालच्या, म्हणजे गार झालेल्या टाकीत असेल, तर त्याचा आकडा कमी असतो, ८८ ते ९२ असा. इंजिनावर, गरम बाजूला बसणारा स्विच ९८ च्या आसपासचा. हा ९८ चा स्विच आटा जुळला म्हणून खालच्या टाकीत घातला, तर पंखा लागेपर्यंत हेड १०५ च्या पुढे गेलेलं असतं.

पंपावर बसणारा, बेल्टचा पंखा असेल तर श्राउड लागतंच. पात्याची निम्मी रुंदी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर, पातं आणि कडेमध्ये दोन सेंटिमीटरच्या आसपास जागा. इंजिन मागे सरकल्याने पंखा जाळीपासून हातभर लांब गेला असेल, तर तो स्वतःभोवतीचीच गरम हवा ढवळत राहतो. अशा वेळी श्राउड लांब करा किंवा जाळीला खेटून इलेक्ट्रिक पंखा लावा. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

रेडिएटर: दोन टाक्यांचं तापमान

इंजिन पूर्ण गरम, थर्मोस्टॅट उघडा, पंखा चालू. आत येणाऱ्या टाकीवर आणि बाहेर जाणाऱ्या टाकीवर टेप लावून मोजा. ६ ते १२ अंशांचा फरक निरोगी. फरक २५-३० असेल तर कूलंट फार हळू फिरतोय: पंप, थर्मोस्टॅट किंवा अडथळा पाहा. फरक दोन-तीनच असेल आणि इंजिन तापत असेल, तर कूलंट फिरतोय पण हवा त्याची उष्णता नेत नाही. मग जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थर्मामीटर फिरवा. मधेच गार पट्टा लागला, तर त्या नळ्या बंद आहेत.

भंगारातलं इंजिन महिनोन्‌महिने कोरडं पडलेलं असतं. आतला गंज पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सुटतो आणि थेट रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून रेडिएटर जोडण्याआधी ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून नळाच्या धारेने, पाणी स्वच्छ येईपर्यंत ब्लॉक धुवा. रेडिएटर उलट्या दिशेने, खालून वर, धुवा. गॅस्केट पेस्टचे ओघळही असेच नळ्यांत अडकतात. पेस्टचा थर बारीक द्या, आत डोकावेल इतका नाही. गळती थांबवायला घाटात हळद टाकायचा जुना उपाय पितळी रेडिएटरला पचून जायचा, आजच्या बारीक नळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला आणि हीटर कोअरला (हीटरच्या आतल्या जाळीला) नाही.

धुऊन झालं की शेवटचं पाणी डिस्टिल्ड. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा क्षार हेडच्या सर्वांत गरम जागी पापुद्रा धरतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात, जास्तीत जास्त निम्मं. प्रीमिक्समध्ये आणखी पाणी घालायचं नाही. हिरव्या कूलंटमध्ये लाल कूलंट मिसळू नका. आणि निव्वळ कूलंट, पाण्याशिवाय, पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे जास्त घातलं म्हणून गाडी जास्त गार राहत नाही.

पंप आणि खालचा होज

बेल्टच्या वाटेत बदल केला असेल तर पंप कोणत्या दिशेने फिरतोय ते पाहा. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत एकीचा पंप बेल्टच्या आतल्या बाजूने फिरतो, दुसरीचा पाठीने, म्हणजे उलट दिशेने, आणि पात्यांचा आकारही त्यानुसार वेगळा असतो. पंप एकीचा आणि बेल्ट दुसरीचा झाला, तर कूलंट फिरतो पण अपुरा. कॅप उघडून प्रवाह पाहणाऱ्याला तो दिसतो आणि तो पंपाला पास करतो. क्रँकची पुली लहान किंवा पंपाची मोठी लागली, तरी परिणाम तोच.

३००० आरपीएमवर खालच्या होजकडे पाहा. पंप तिथून ओढतो. बाजारातला साधा होज कापून लावला असेल आणि आत स्प्रिंग नसेल, तर तो चपटा होऊन मिटतो, आरपीएम सोडलं की परत फुगतो. हायवेवरच तापणाऱ्या गाडीत हे हमखास तपासा.

हेड गॅस्केट

वरचं सगळं पाहून झाल्यावरच इथे या. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब पाण्याचा नाही, सिलिंडरचा आहे. इतक्या लवकर पाणी तापून फुगत नाही. कॅप उघडं ठेवल्यावर न थांबणारे बुडबुडे, ऑइल दुधाळ, गळती नसताना रोज पाणी कमी, ही इतर लक्षणं. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी करा: रेडिएटरच्या तोंडातली हवा त्या द्रवातून ओढली आणि पेट्रोल गाडीत तो पिवळा पडला, तर जळका वायू कूलंटमध्ये येतोय. डिझेलला तो हिरवट होतो. हात-पंपाने सिस्टिमला कॅपवर छापलेल्या दाबाइतका दाब देऊन पंधरा मिनिटं काटा पाहणं, हीसुद्धा चाचणी करा.

हेड उतरवलं तर तीन गोष्टी. सरळ पट्टी आणि फीलर गेजने तिरकं-उभं-आडवं मोजा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग, म्हणजे हेड मशीनवर सपाट करून घेणं. नवी गॅस्केट ब्लॉकवर ठेवून पाण्याचं प्रत्येक भोक जुळतं का पाहा. उलटी बसलेली किंवा दुसऱ्या आवृत्तीची गॅस्केट मागच्या सिलिंडरचं पाणी बंद करू शकते, आणि ते बाहेरून कोणत्याच चाचणीत दिसत नाही. बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. हाताच्या अंदाजाने नाही.

उष्णताच जास्त तयार होत असेल तर

प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर एक दात मागे बसला, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी तोंडाला लागलीच नाही, इनटेकला हवा गळून मिश्रण पातळ झालं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला, किंवा डिझेलचं पंप टायमिंग चुकलं, की रेडिएटर कितीही चांगला असो, गाडी तापते. टायमिंग लाइट लावून आकडा पाहा, कानाने लावलेलं टायमिंग इथे चालत नाही. पाच किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ थर्मामीटर धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम निघालं, तर ब्रेक धरतोय आणि इंजिन विनाकारण ओढतंय.

चाचणी

आधी उभ्या गाडीत, एसी लावून, वीस मिनिटं. पंखा लागतो आणि बंद होतो, असं निदान तीन वेळा झालं पाहिजे. मग सपाटीवर ८० च्या वेगाने अर्धा तास. त्यानंतरच घाट, भर दुपारी, पूर्ण माणसं बसवून. सोबत दोन लिटर डिस्टिल्ड पाणी, एक जादा होज क्लिप आणि थर्मामीटर ठेवा. चढावर तापमान १०५ ओलांडून चढत राहिलं तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खालचा गिअर. तरी थांबलं नाही तर बाजूला घ्या. कूलंट बाहेर पडलेलं नसेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं १५०० आरपीएमवर चालू द्या. पडलं असेल तर लगेच बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात बाटलीची पातळी खडूने खूण करून ठेवा आणि आठवडाभर ती खूण तपासत राहा.